काचेचा 'स्टॅटिक फटीग': श्रांती, थकवा की उशिराचा तडा?

अल्पविराम : काचेची फळी बसवणाऱ्या कारागिरांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. तेच वजन, तीच फळी, महिनोन्‌महिने काही होत नाही आणि एक दिवस काच तडकते. याला 'स्टॅटिक फटीग' म्हणतात. 'स्थैतिक श्रांती' चालेल का?

स्फटिक : कारागिराला तर नकोच. श्रांती म्हटलं की विश्रांतीने जाईल असं वाटतं. शिवाय धातूची श्रांती वजन पुन्हा पुन्हा चढल्या-उतरल्याने येते. इथे वजन हलतही नाही. खरा कर्ता पाणी आहे. काचेच्या पृष्ठभागावर बारीक चरे असतातच. ताण पडला की चऱ्याच्या टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हे बंध ओढले जातात, आणि हवेतल्या वाफेचा एक रेणू असा ओढलेला बंध तोडून दोन्ही तुटक्या टोकांना हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) चिकटवतो. मग पुढचा बंध. मायकेल्स्की आणि फ्रीमन या संशोधकांनी 1982 मध्ये ही रेणूपातळीवरची मांडणी केली. त्याआधी 1967 मध्ये वीडरहॉर्न या संशोधकाने सोडा-लाइम काचेत (खिडकीची, बाटलीची नेहमीची काच) चीर वाढण्याचा वेग 0.017 ते 100 टक्के आर्द्रतेत मोजला होता. चीर तितक्या कोरड्या हवेतही सरकते, फक्त हळू. त्यामुळे 'पावसाळ्यात काच फुटते' एवढंच पत्रकात लिहू नका.

माझी पसंती 'उशिराचा तडा'. पाठ्यपुस्तकात 'विलंबित भंग'.

अल्पविराम : चरा, चीर, तडा हे मी एकाच अर्थाने वापरत होते.

स्फटिक : इथे तरी वेगळे ठेवा. चरा म्हणजे वरचा ओरखडा. तो खोल जाऊन हळूहळू सरकू लागला की चीर. एका हद्दीनंतर ती पाण्याची वाट पाहत नाही, क्षणात आरपार जाते, तो तडा. 'भेग' मात्र मातीला आणि टाचेला राहू द्या.

आकडा द्यायचा तर असा : सोडा-लाइम काचेसाठी टिकण्याचा काळ ताणाच्या साधारण सोळाव्या घाताने घटतो. ताण निम्मा केला तर आयुष्य 65,536 पट. उलट, जी काच 3 सेकंद एखादा ताण जेमतेम झेलते, ती 10 वर्षं त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच झेलेल. नवी फळी हाताने दाबून 'मजबूत आहे' म्हणणं म्हणूनच फसवं. कडा घासून घ्या. काच लोखंडी ब्रॅकेटवर थेट न टेकवता मध्ये रबर घाला. भोकाच्या कडेला टवका उडालेली फळी वापरू नका. फळी वाकते तेव्हा मधला भाग खालच्या बाजूने ताणला जातो, म्हणून चरा असलेली बाजू वर ठेवा. दाबाखाली चीर मिटून राहते.

भट्टीवाला : एक दुरुस्ती. टफन (तापवून झटकन थंड केलेली, मजबूत) काच कधीकधी आपोआप फुटते, त्या फुटण्याला हा शब्द लावू नका. तिचा पृष्ठभाग मुळातच दाबात असतो. तिथे बहुधा आत अडकलेला निकेल सल्फाइडचा कण हळूहळू फुगतो आणि आतल्या ताणाच्या थरातून फोडतो. ओलाव्याचा संबंध नाही.

चिनी मातीतही उशिराचा प्रकार आहे, पण त्यात ओलावा वेगळं काम करतो. कमी भाजलेलं, सच्छिद्र अंग (झिलईखालची भाजलेली माती) वाफ शोषून किंचित फुगतं, वरची झिलई फुगत नाही. ती ताणात येते आणि भट्टीतून धड निघालेल्या कपावर काही महिन्यांनी बारीक रेघांची जाळी दिसते. लोणच्याच्या बरणीचं अंग नीट भाजून घट्ट झालेलं असेल तर सहसा असं होत नाही. असा तुकडा 500 अंशांच्या आसपास तापवला की फुगवटा जातो, जाळी मात्र राहते. उपाय भट्टीआधीच : अंग जास्त भाजा, किंवा झिलई अशी निवडा की थंड होताना ती अंगापेक्षा कमी आकसेल आणि दाबात राहील. याला 'झिलई फुटणे' म्हणा, उशिराचा तडा नको. कप आरपार गेलेला नसतो.

अल्पविराम : मग वाक्य असं करते : 'सतत वजन आणि हवेतला ओलावा यांमुळे काचेतला चरा हळूहळू वाढतो आणि महिन्यांनी, वर्षांनीही तडा जातो.'

स्फटिक : 'काचेतला' ऐवजी 'काचेवरचा'. बाकी ठीक.