सोसायटी ग्रुपवर: तिरंग्याच्या डब्यातला कॅमेरा

निनाद (बी-२०३): अभिजितदादा, गेटजवळचा बंद कॅमेरा आज इलेक्ट्रिशियनने उघडला. मी शेजारीच उभा होतो. डब्यावर तिरंगा आणि खाली ‘१०० टक्के भारतीय’. आतल्या बोर्डावर सगळी चिनी अक्षरं. फोटो टाकतोय. याच तिरंग्यासाठी आपण दोन वर्षांपूर्वी जास्त पैसे मोजले होते ना?

निनाद (बी-२०३): आणि आता नवीन २४ कॅमेऱ्यांच्या तीन कोटेशनमध्ये तिसरं परत त्याच तिरंगावाल्या व्हेंडर महाशयांचं. कमाल आहे.

कुलकर्णी काकू (बी-७०१): माझा प्रश्न एकच. गणपतीत पार्किंगमधून ह्यांच्या गाडीची बॅटरी गेली, त्या रात्रीचं फूटेज का मिळालं नाही?

मिलिंद, खजिनदार (ए-४०२): जास्त म्हणजे कॅमेऱ्यामागे ३५० रुपये. ठराव सर्वानुमते झाला होता. निनाद, त्या मीटिंगला तू नव्हतास.

निनाद (बी-२०३): नव्हतो, कारण मीटिंग फायनल मॅचच्या दिवशी ठेवली होती. ते असो. खोटं लेबल लावलं हे तरी मान्य आहे का?

खोत (सी-३०१): 🇮🇳 प्रत्येक भारतीयाने वाचावे!! २०१४-१५ मध्ये देशात मोबाईलचे उत्पादन फक्त १८ हजार कोटी, २०२३-२४ मध्ये ४ लाख २२ हजार कोटी!! मोबाईल बनवण्यात आपण जगात दुसरे!! किमान १० जणांना पाठवा 🙏

पाटीलदादा (सी-१०२): खोतसाहेब, आकडा बरोबर आहे, पण हा मेसेज तुम्ही दिवाळीतही टाकला होता.

तांबे (ए-२०३): संक्रांतीलाही.

पाटीलदादा (सी-१०२): निनाद, फोटो बघितला. लेबल खोटं आहे की नाही ते ‘बनवलं’ कशाला म्हणायचं त्यावर आहे. भोसरीत माझं युनिट आहे ते माहीतच आहे सगळ्यांना. आम्ही असे डबेच मारतो. प्लॅस्टिकचं हाउसिंग, मागचं झाकण, ब्रॅकेट. डबा भोसरीचा, वायर इथली, ॲडाप्टर बहुतेक इथला, पुठ्ठ्याचा खोका चाकणचा. बोर्डावर पार्ट चिकटवायचं काम, ज्याला एसएमटी लाइन म्हणतात, तेही आता देशात होतं. आंध्रात कडप्प्याला कॅमेऱ्यांचा मोठा कारखाना आहे. पण कोरा बोर्ड, लेन्स, सेन्सर आणि मधली मुख्य चिप बाहेरून येते. पैसा सगळा तिथेच असतो.

निनाद (बी-२०३): म्हणजे आपण ३५० रुपये खोक्यासाठी दिले.

पाटीलदादा (सी-१०२): आणि खरं सांगू का, माझ्या डब्याचा मोल्ड, म्हणजे साचासुद्धा चीनहून आणलाय. इथे तयार करून घ्यायला तिप्पट वेळ सांगितला होता.

तांबे (ए-२०३): भारतीयत्व फक्त पाटीलदादांच्या घामात.

कुलकर्णी काकू (बी-७०१): फूटेज का मिळालं नाही?

आपटेकाका (ए-१०१): नमस्कार. यात नवे काही नाही. १९८२ साली दिल्लीत एशियाड झाले तेव्हा रंगीत टीव्हीची झुंबड उडाली. सरकारने बाहेरून किट आणायला परवानगी दिली. मी तेव्हा टीव्हीच्या कंपनीत होतो. पेट्या यायच्या, आम्ही जोडायचो, मागे आपले नाव लावायचो. लोक म्हणत, हे कसले उत्पादन, ही तर जुळवाजुळव. पण पुढे दहा-पंधरा वर्षांत पिक्चर ट्यूब इथे बनू लागल्या, कॅपॅसिटर, रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर इथे. औरंगाबाद, पुणे भागात त्यावर शेकडो लहान कारखाने जगले. जुळवाजुळवीला हसू नये.

श्रुती (सी-५०४): मग ते कारखाने गेले कुठे काका?

आपटेकाका (ए-१०१): दोन धक्के बसले. १९९७ साली आपण जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात शिरलो. संगणक, टेलिफोन, चिप, त्यांचे बरेचसे सुटे भाग, सगळ्यांवरचे आयात शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणायचे ठरले. तयार वस्तू शून्य शुल्कात आत आणि इथल्या कारखानदाराला वीज महाग, कर्ज महाग, कच्च्या मालावर शुल्क वेगळे. त्याने काय करावे? दुसरे म्हणजे चपटे टीव्ही आले आणि पिक्चर ट्यूबवाले जागेवर बसले. मोहालीला तर १९७६ मध्ये सरकारने चिपची कंपनी काढली होती. १९८४ मध्ये उत्पादनही सुरू झाले. १९८९ मध्ये तिथे आग लागली आणि आपण वर्षानुवर्षे मागे पडलो ते पडलोच.

तांबे (ए-२०३): काका, त्या आगीचं फूटेज मिळालं होतं का?

कुलकर्णी काकू (बी-७०१): तांबे, चेष्टा करू नका. बॅटरी ६८०० रुपयांची होती.

खोत (सी-३०१): आता सेमीकंडक्टर चिपही येत आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटींची योजना. साणंदला मायक्रॉन, धोलेऱ्याला टाटा, आसामात जागीरोडला टाटा. रडगाणं गाणाऱ्यांनी हेही बघावं.

निनाद (बी-२०३): साणंद, धोलेरा. पुढे? आपल्या तळेगावचं काय झालं ते पण लिहा. १ लाख ५४ हजार कोटींचा वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प. माझा मेहुणा तिथे प्लॉट घेऊन बसला होता.

खोत (सी-३०१): तो गुजरातला जाऊन तरी कुठे झाला? जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडली. तळेगावात असता तरी तेच झालं असतं. मेहुण्याचं नशीब.

निनाद (बी-२०३): हे तुम्हाला २०२२ मध्येच माहीत होतं वाटतं.

अभिजित, सचिव (ए-६०१): सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुपवर राजकारण नको. विषय कॅमेऱ्याचा आहे.

खोत (सी-३०१): मी फक्त उत्तर दिलं. सुरुवात कोणी केली ते वर वाचा.

श्रुती (सी-५०४): मी हिंजवडीत चिप डिझाइनचंच काम करते, म्हणून दोन गोष्टी. जगातल्या चिप डिझाइन इंजिनिअरपैकी साधारण २० टक्के भारतात आहेत असं म्हणतात. आमच्या टीमने केलेलं डिझाइन तैवानात छापलं जातं, मलेशियात पॅक होतं, मग तीच चिप इथल्या कंपन्या आयात करतात. डोकं इथलं, पण डिझाइनची मालकी बाहेरच्या कंपनीची, त्यामुळे नफा तिकडे. उलट मोबाईलच्या कारखान्यात जोडणी इथली, भाग बाहेरचे. मोबाईलच्या किमतीत इथली भर १५ ते २० टक्क्यांच्या आसपासच धरतात. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन २०२३ मध्ये हेच म्हणत होते, तेव्हा त्यांच्यावर सगळे तुटून पडले होते.

खोत (सी-३०१): त्यांना परदेशात बसून बोलायला काय जातं.

पाटीलदादा (सी-१०२): राजन बरोबर आणि आपटेकाकाही बरोबर. २०१८ च्या बजेटमध्ये मोबाईलवरचं शुल्क १५ चं २० टक्के केलं. मग २०२० मध्ये पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी सरकारी योजना आली, वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के. म्हणून श्रीपेरुंबुदूर, कोलार, होसूर उभं राहिलं. जोडणीतून हजारो पोरींना पगार सुरू झाला, याला मी कमी लेखणार नाही. पण पीएलआय मिळते ती विकलेल्या मोबाईलवर, आतला किती भाग इथला त्यावर नाही. मग कोण कशाला कॅपॅसिटरचा कारखाना टाकतोय? आता मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर केली. बोर्ड, कॅमेरा मॉड्यूल, कॅपॅसिटर वगैरेंसाठी. उशिरा, पण मुद्द्यावर.

मिलिंद, खजिनदार (ए-४०२): पाटीलदादा, आपल्या २४ कॅमेऱ्यांना त्यातून अनुदान मिळेल का? 😀

पाटीलदादा (सी-१०२): तुम्ही आधी माझी एनओसी द्या, सहा महिने झाले मागतोय.

मिलिंद, खजिनदार (ए-४०२): ती एनओसी का अडली आहे हे ग्रुपवर लिहायला लावू नका.

अभिजित, सचिव (ए-६०१): 🙏🙏 वैयक्तिक विषय ऑफिसमध्ये.

कुलकर्णी काकू (बी-७०१): फूटेजचं कोणी बोलतच नाही. तिसऱ्यांदा विचारतेय.

तांबे (ए-२०३): चौथ्यांदा काकू.

निनाद (बी-२०३): माझं म्हणणं साधं आहे. चिनीच घ्यायचा तर स्वस्तातला घ्या, पहिलं कोटेशन १ लाख ८६ हजारांचं आहे. तिसरं २ लाख ४१ हजार. तिरंग्याचे ५५ हजार कशाला?

पाटीलदादा (सी-१०२): फक्त किमतीवर जाऊ नकोस. चीनने २०२५ च्या एप्रिलमध्ये चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला, रेअर अर्थवाल्या, म्हणजे दुर्मीळ मूलद्रव्यांच्या. मोटारीत बसणारं इवलंसं चुंबक, पण इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्यांना आकुर्डी-चाकणमध्ये घाम फुटला. आमच्या ऑर्डरी पुढे ढकलल्या गेल्या. जोडणीवर समाधान मानलं की कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला राहते.

निनाद (बी-२०३): मान्य. पण ते देशाचं झालं. पार्किंगच्या कॅमेऱ्याने चीनला काय फरक पडतो?

श्रुती (सी-५०४): चीनला नाही, आपल्याला पडतो. कॅमेरा नेटला जोडलेला असतो. आतलं सॉफ्टवेअर कोणाचं, अपडेट कोण पाठवतं, फूटेज कुठल्या सर्व्हरवरून तुमच्या मोबाईलवर येतं, हे डब्यावरून कळत नाही. म्हणूनच सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी नियम काढला, ९ एप्रिल २०२५ पासून लागू. एसटीक्यूसीसारख्या प्रयोगशाळेत कॅमेऱ्याची सुरक्षा तपासून घ्यावी लागते: ठरीव पासवर्ड, उघडे पोर्ट, डेटा कुलूपबंद जातो का, बाहेरून कोणी सॉफ्टवेअर बदलू शकतं का. मुख्य चिप कुठली तेही कंपनीला सांगावं लागतं. चिनी चिप असली तर बाद, असं त्या नियमात लिहिलेलं नव्हतं. काय आहे ते उघड करा आणि तपासून घ्या, एवढंच.

आपटेकाका (ए-१०१): उत्तम माहिती. आमच्या वेळी असे काही नव्हते.

तांबे (ए-२०३): तुमच्या वेळी टीव्ही आपल्याकडे बघत नव्हता काका.

अभिजित, सचिव (ए-६०१): श्रुतीताई, तिन्ही कोटेशन बघितली. एसटीक्यूसी हा शब्द फक्त दुसऱ्यात आहे. तिसऱ्यात ‘मेक इन इंडिया कॅमेरा’ असं लिहिलंय. फोनवर म्हणतोय सर्टिफिकेट आहे.

निनाद (बी-२०३): कागद मागा.

अभिजित, सचिव (ए-६०१): आला. टाकतो.

श्रुती (सी-५०४): हा २०२३ चा आहे. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची जुनी नोंदणी, नव्या नियमाच्या आधीची. शॉक लागणार नाही, आग लागणार नाही, एवढंच यावरून कळतं. नेटवरच्या सुरक्षेबद्दल यात अवाक्षर नाही आणि माल भारतीय आहे याबद्दल तर मुळीच नाही. लोक त्या नोंदणीच्या आर नंबरला स्वदेशीचा शिक्का समजतात.

पाटीलदादा (सी-१०२): आणखी एक, त्याला विचारा की लोकल कंटेंट, म्हणजे किमतीत इथला वाटा, किती टक्के. सरकारी खरेदीत २०१७ च्या आदेशाखाली ५० टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या वर्गाचा पुरवठादार, २० ते ५० दुसऱ्या. सरकारी टेंडर भरणाऱ्या माणसाला हा आकडा लिहून द्यावा लागतो. ‘मेक इन इंडिया’ शब्द कोणीही छापतो. मीही छापतो डब्यावर, पार्टी सांगेल तसं.

निनाद (बी-२०३): ❗❗ म्हणजे माझ्या फोटोतला डबा तुमच्याकडचा?

पाटीलदादा (सी-१०२): असूही शकतो.

खोत (सी-३०१): अभिमानाची गोष्ट आहे.

कुलकर्णी काकू (बी-७०१): अभिजित, वॉचमनला मीच विचारलं शेवटी. तो म्हणाला, रेकॉर्डिंगच्या पेटीचा, त्या डीव्हीआरचा, प्लग काढून तिथे गणपतीची माळ लावली होती. दहा दिवस. म्हणून फूटेज नाही. कॅमेरा भारतीय असो की चिनी.

मिलिंद, खजिनदार (ए-४०२): ??

अभिजित, सचिव (ए-६०१): उत्सव समितीने खुलासा करावा.

निनाद (बी-२०३): उत्सव समिती म्हणजे खोतसाहेबच ना?

तांबे (ए-२०३): खोतसाहेब टायपिंग करत आहेत... थांबले... परत करत आहेत...

खोत (सी-३०१): मंडपासाठी ऑफिसमधला एकच पॉइंट चालू होता. दुसरा पॉइंट दुरुस्त करा असं जूनमध्ये मी लेखी दिलं होतं. पोच माझ्याकडे आहे. उगाच एकट्यावर ढकलू नये.

तांबे (ए-२०३): आणि माळ कुठल्या देशाची होती?

खोत (सी-३०१): तांबे, तुमची वर्गणी अजून आली नाही.

कुलकर्णी काकू (बी-७०१): मग बॅटरीचे ६८०० समिती देणार की सोसायटी?

मिलिंद, खजिनदार (ए-४०२): काकू, तशी तरतूद बायलॉजमध्ये नाही.

कुलकर्णी काकू (बी-७०१): प्लग काढायची तरतूद आहे का?

आपटेकाका (ए-१०१): हार्ड डिस्कही तपासून घ्यावी. ती बहुधा थायलंड किंवा चीनची असते. आपल्याकडे होत नाही.

अभिजित, सचिव (ए-६०१): तर असं करू. दुसऱ्या कोटेशनवाल्याकडून एसटीक्यूसीचा रिपोर्ट मॉडेल नंबरसह मागवतो. तिसऱ्याकडून नव्या नियमानंतरचा कागद आणि लोकल कंटेंटचं लेखी पत्र. आठवड्यात दिलं तर विचार, नाहीतर बाद. पहिल्याकडे दोन्ही नाही.

निनाद (बी-२०३): दुसरा केवढ्याला आहे?

मिलिंद, खजिनदार (ए-४०२): २ लाख २८ हजार, जीएसटी वेगळा. पहिल्यापेक्षा ४२ हजार जास्त. सिंकिंग फंडाला हात लावणार नाही, आधीच सांगतो. फ्लॅटमागे ७०० रुपये काढावे लागतील.

निनाद (बी-२०३): माझे ७०० धरा. फक्त बिलावर मॉडेल नंबर हवा.

श्रुती (सी-५०४): माझेही. आणि कॅमेरे बसवल्यावर पासवर्ड व्हेंडरकडे ठेवू नका, अभिजितदादा. आताचा पासवर्ड ‘ॲडमिन १२३४५’ आहे, हे बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांना माहीत आहे.

खोत (सी-३०१): डीव्हीआरसाठी वेगळा पॉइंट काढून देतो, इलेक्ट्रिशियनचे पैसे मी देतो. विषय इथे संपवावा.

कुलकर्णी काकू (बी-७०१): बॅटरीचा संपलेला नाही.

मिलिंद, खजिनदार (ए-४०२): थकबाकीदारांची यादी संध्याकाळी टाकतो. ७०० च्या आधी ते मिटवू.

तांबे (ए-२०३): टँकर आला आहे, सी विंगने मोटर बंद करा.