राजबंद्यांची का राजबंदींची? आणि सुटका का मुक्तता?

बंडीवाला: आमचं गाव चिमूर तालुक्यात. १६ ऑगस्टला वाचनालयात १९४२ च्या चळवळीतल्या कैद्यांवर फलक लावायचा आहे. पोरांनी लिहिलं, 'राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी घरच्यांची धडपड'. एक रिटायर मास्तर म्हणे कैदी म्हणजे चोर, यांना राजबंदी म्हणा, अन सुटका नाही मुक्तता लिहा. आता राजबंद्यांच्या का राजबंदींच्या इथंच गाडी अडली. माही आजी त राजबंदी म्हटलं की राजाची बंडी समजायची, बैल कोणाचे जुंपले म्हणे.

पऱ्हाटी: राजबंद्यांच्या. कैद्यांच्या तसं. पण कैदी अरबीतून आला म्हणून तो चोर अन बंदी संस्कृत म्हणून सोवळा, हे कोणतं शास्त्र?

व्याकरणप्रेमी: बंदी हा बन्ध् धातूवरून आहे. आपला शब्द असताना उसना कशाला?

पऱ्हाटी: मंग नोटबंदीतला बंद कोणाचा जी? तो फारसीतला, दोघं चुलतभाऊच. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती तेव्हा माह्या पोरानं विचारलं, राजबंदी म्हणजे राजाले बंद केलं का? अन जेलच्या कागदावर सगळेच बंदी असतात, न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी. खिसेकापूपण बंदीच. मास्तरांना सांगा.

गडचिरोलीकर: सुटका अन मुक्तता एक नाही भाऊ. मी कोर्टात वकिलाकडं लिहिण्याचं काम करतो. दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधाच्या खटल्यात इथल्या कोर्टानं २०१७ मध्ये जन्मठेप दिली, १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठानं निर्दोष मुक्तता केली अन दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं तो निकाल थांबवला. मुक्तता झाली, सुटका नाही. ५ मार्च २०२४ ला पुन्हा निर्दोष, ७ तारखेला नागपूर जेलच्या बाहेर, व्हीलचेअरवर. त्यांची बायको इतकी वर्षं ज्यासाठी भांडली ती सुटका, मुक्तता त कागदावर असते.

मिसावाल्याचा पोरगा: हे पटलं. आमचे बाबा आणीबाणीत मिसात, म्हणजे बिनाखटला डांबायच्या कायद्यात, आत होते, तेव्हा कारणसुद्धा सांगत नव्हते. आईला बाया विचारायच्या किती वर्षांची लागली, अन तिला उत्तरच नाही कारण शिक्षाच नव्हती. आरोप नाही त निर्दोष कशातून ठरायचं? आई मुक्तता बिक्तता कधीच म्हणाली नाही, 'ह्यांना सोडवाचं आहे' म्हणायची, अन मुलाकातीला जाताना चिवड्याचा डबा न्यायची, तो फाटकावरूनच परत यायचा, मग येताना बसमध्ये आम्हीच खायचो.

व्याकरणप्रेमी: मुलाकात नव्हे, भेट.

मिसावाल्याचा पोरगा: भेट बाजारात होते.

झाडीपट्टी: आमच्याइकडे सुटका झाली म्हटलं की बाया विचारतात पोरगा का पोरगी 😄 बाळंतपणालेच म्हणतात तसं. अन १९४२ च्या उठावात चिमूर-आष्टीच्या लोकांना फाशी सुनावली, त्याचं कसं लिहाल? नागपूरच्या काँग्रेसवाल्या अनसूयाबाई काळे त्यांच्यासाठी झटल्या, पुढं फाशीची जन्मठेप झाली. ती सुटकाही नाही अन मुक्तताही नाही.

पऱ्हाटी: जीव वाचवला लिहा न सरळ.

व्याकरणप्रेमी: त्यात संज्ञेचा काटेकोरपणा राहत नाही.

बंडीवाला: अजी फलक रंगवणारा उद्या येते, काय लिहू ते सांगा ना.

झाडीपट्टी: आजी चुकल्या पण. राजाची असन त बसायची दमणी असन, बंडी त शेणखताची.

पऱ्हाटी: आमच्याकडं रेंगी म्हणतात.

झाडीपट्टी: रेंगी वेगळी जी. दोन्हीचा फोटो टाकतो सकाळी.