मदत हवी आहे: जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतायत
नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरी दक्षिणेला, समोर अजिंक्यतारा. 12 इंची कुंडीत लाल जास्वंद आहे. सकाळी चहाचा कप घेऊन मी आधी तिच्याकडेच जाते. एक फूल देवाला, बाकीची झाडावरच ठेवते. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, तो दिवस त्याला पुरता मिळावा असं वाटतं.

पण पंधरा दिवस झाले, कळ्या देठाशी पिवळ्या पडून गळतायत. शेंड्याला आणि पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतं, बोट लावलं की चिकट. मुंग्यांची रांगही लागलीय. पिठ्या ढेकूणच असणार. पाण्याच्या जोरदार धारेने धुतलं, 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी दोनदा फवारलं. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. शेजारचा मोगरा कळ्यांनी लगडलाय, त्याला लागेल म्हणून जीव वरखाली होतोय.

शेंडे छाटू का? मुळंही तपासावीत का? फवारणी किती दिवसांच्या अंतराने करता? आणि आता छाटली तर गणपतीपर्यंत फुलं येतील ना? ज्यांची जास्वंद यातून वाचलीय त्यांनी नक्की सांगा.