मदत हवी आहे: चौदा वर्षं जुना ब्रूइंग डिप्लोमा, आता मास्टर ब्रुअरची तयारी कशी करू?

माल्टोबा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात आहे. ब्रूहाऊस (जिथे रस शिजतो) आणि सेलर (जिथे तो आंबतो) धरून अठरा वर्षं झाली. वय ४६. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग अँड डिस्टिलिंगचा, म्हणजे आम्ही ज्याला नुसतं आयबीडी म्हणतो त्यांचा, डिप्लोमा २०११ साली पुरा केला. तेव्हा तीन पेपर होते: कच्चा माल आणि वर्ट (मोड आणलेल्या बार्लीचा, म्हणजे माल्टचा, आंबवण्याआधीचा गोड रस), यीस्ट आणि बिअर, पॅकेजिंग आणि प्रोसेस टेक्नॉलॉजी. प्रत्येकी तीन तास, आठातले सहा प्रश्न, एका प्रश्नाला अर्धा तास. नाइट शिफ्ट सांभाळून दिले आणि निघालो. आईने सर्टिफिकेट देवघराशेजारी लावलं. बिअरचा कागद देवाजवळ नको, म्हणून वडील महिनाभर कुरकुरत होते.

आता साहेबांनी सांगितलंय, पुढची खुर्ची हवी असेल तर मास्टर ब्रुअर, म्हणजे आयबीडीची डिप्लोमाच्या वरची परीक्षा, करा. नोट्सच्या दोन बॉक्स फाइली माळ्यावरून काढल्या आणि तिथेच बसकण मारली. त्यात वर्ट दीड तास उकळायचा, आठ-दहा टक्के बाष्पीभवन, किसेलगुर नावाच्या खनिज पावडरीने फिल्टर, एक हेक्टोलिटर (शंभर लिटर) बिअरला सहा-सात हेक्टोलिटर पाणी. आमच्याच प्लांटवर यातलं निम्मं आता तसं होत नाही. अभ्यासक्रमही मधल्या काळात बदलत आलाय. म्हणजे नक्की काय टाकायचं आणि काय ठेवायचं?

दुसरी अडचण सांगायला लाज वाटते. रविवारी एक जुना प्रश्न घेऊन लिहायला बसलो. बायकोने मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला. वीस मिनिटांत अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ. चौदा वर्षांत हाताने लिहिलंय काय, तर लॉगशीटवर ‘ओके’, ‘सीआयपी झाले’ (टाक्या-पाइप जागेवरच धुतले) आणि खाली सही.

तिसरी: पॅकेजिंग हॉलमध्ये मी फक्त भांडायला जातो. तिथलं मला शून्य येतं.

बर्लिनच्या व्हीएलबीचा सहा महिन्यांचा ब्रूमास्टर कोर्स सुचवू नका. लेक बारावीला आहे, इथून हलता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टवाळ_टप्पू

अभ्यासाचं साहित्य तपासून देतो. क्रेट पाठवा.

मळीवाला

टप्पूकडे दुर्लक्ष करा, तो प्रत्येक धाग्यावर हेच लिहितो.

माल्टोबा, मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, तुमचा चुलतभाऊ म्हणा. स्पष्ट बोलतो, राग नसावा. खुर्चीसाठी करणार असाल तर आधी साहेबांकडून लेखी घ्या. आमच्याकडे एकाने दोन वर्षं घासून परीक्षा दिली आणि खुर्चीवर पाहुणे येऊन बसले.

बाकी शिळं होण्याबद्दल म्हणाल, तर आम्हालाही तेच भोगावं लागलं. मी शिकलो तेव्हा डिस्टिलरी म्हणजे मळी. २०१८ चं जैवइंधन धोरण आलं आणि बी-हेवी (जास्त साखर उरलेली मळी), उसाचा रस, खराब झालेलं धान्य सगळं दारात उभं. मळीत साखर आयती असते, धान्यात आधी स्टार्चची साखर करावी लागते. एक किलो स्टार्चपासून १.११ किलो ग्लुकोज होतं, वजन वाढतं, कारण तुटताना पाणी जोडलं जातं. हे मला पन्नाशीत एका पोराने समजावलं. जुन्या नोट्स फेकल्या नाहीत. समासात नवं लिहीत गेलो.

बर्टनकर

माल्टोबादादा, मूळची कोल्हापूरची, नऊ वर्षं बर्टन-अपॉन-ट्रेंटमध्ये आहे. जिप्समच्या पाण्याने नावारूपाला आलेलं तेच गाव. मास्टर ब्रुअर दुसऱ्या प्रयत्नात झाले, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात काय चुकतं ते चांगलं ठाऊक आहे.

डिप्लोमात विचारतात, हे कसं चालतं. मास्टरला विचारतात, तू काय घेशील आणि का. मी पहिल्यांदा पानंच्या पानं ‘कसं’ लिहून आले.

तुमच्या उकळण्याचंच बघा. ५०० हेक्टोलिटरची केटल, म्हणजे वर्ट उकळायचं भांडं आहे. बाष्पीभवन ९ टक्क्यांवरून ५ वर आणलं. म्हणजे २० हेक्टोलिटर, २,००० किलो पाणी उडवायचं वाचलं. किलोला २,२५७ किलोज्यूल धरा, एका ब्रूमागे साडेचार गिगाज्यूल, म्हणजे साधारण १,२५० युनिट विजेइतकी उष्णता. इथपर्यंत सगळे लिहितात. पुढचा प्रश्न असा, की मग आपण इतकी वर्षं पाणी का उडवत होतो? माल्टमधल्या एसएमएम नावाच्या पदार्थापासून उष्णतेने डीएमएस (उडून जाणारा गंधकाचा पदार्थ) होतो आणि तो वाफेबरोबर जावा लागतो, नाहीतर बिअरला शिजवलेल्या मक्याचा वास येतो. हॉप्सचा कडूपणा मात्र तापमान आणि वेळेवर येतो, त्याला किती पाणी उडालं याचं देणंघेणं नाही. ही दोन कामं वेगळी करता आली तर गरम ठेवायचं तितका वेळ ठेवा आणि वास घालवायला थोडीच वाफ काढा. कमी बाष्पीभवनाच्या सगळ्या यंत्रणा याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. शिवाय व्हर्लपूलमध्ये (उकळल्यानंतर गाळ बसवायच्या टाकीत) वर्ट गरम उभा असतो तेव्हाही डीएमएस होत राहतो आणि तिथे वाफ नसते. हे वाक्य लिहिलंत की परीक्षकाला कळतं, माणूस ब्रूहाऊसमध्ये उभा राहिलाय.

फिल्टरचंही तसंच. किसेलगुर स्वस्त, पण कोरड्या पावडरीत स्फटिकी सिलिका असते, फुप्फुसाला घातक, आणि वापरलेला गाळ टाकायचा कुठे हा प्रश्न. क्रॉसफ्लो मेम्ब्रेनला (बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळण्याला) धूळ नाही, पण यंत्र महाग, वीज जास्त, मेम्ब्रेन धुवायला रसायनं. बरोबर उत्तर एक नाही. तुमच्या प्लांटला कोणतं आणि किती वर्षांत पैसे फिटतात ते लिहा.

जुन्या फाइलींत नसणार अशा दोन गोष्टी. एक, डायस्टॅटिकस यीस्ट. तिच्यात एसटीए-१ नावाचं जीन असतं, त्याच्या जोरावर ती डेक्स्ट्रिनही (नेहमीच्या यीस्टला न पचणारे स्टार्चचे तुकडे) खाते. नेहमीच्या यीस्टचं जेवण संपल्यावर हिचं सुरू होतं, तेही बाटलीत. मग गॅस वाढतो आणि बाटल्या फुटतात. दोन, बिनअल्कोहोलची बिअर. अल्कोहोल काढलंत की जंतूंविरुद्धचा एक पहारेकरी काढलात. त्यामुळे पाश्चरायझेशन बरंच जास्त लागतं.

हात दुखण्यावर उपाय नाही. रोज एक पान. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लिहायचे.

शून्य_पीपीबी

पॅकेजिंगवाली आहे, भांडायला येणाऱ्या ब्रूहाऊसवाल्यांना चांगली ओळखते.

पाश्चरायझरपासून सुरू करा, ते गणित तुम्हाला लगेच जवळचं वाटेल. ६० अंशाला एक मिनिट म्हणजे एक पीयू (पाश्चरायझेशन युनिट). तापमान एका अंशाने वाढलं की १.३९३ ने गुणायचं. टनेलमध्ये ६० ला वीस मिनिटं म्हणजे २० पीयू. फ्लॅशमध्ये (भरण्याआधी बिअरच गरम करतात) ७२ ला अर्धा मिनिट म्हणजे जवळजवळ २७. आकडे शेजारी शेजारी दिसतात, पण टनेलमध्ये बाटली बंद होऊन जाते आणि फ्लॅशनंतर फिलर (भरणारं यंत्र), क्राउनर (बूच लावणारं), हवा, माणसाचा हात सगळं बाकी असतं. भांडण तिथे सुरू होतं.

दोन आठवडे रोज अर्धा तास फिलरपाशी उभे राहा. न बोलता.

माल्टोबा

सगळ्यांचे आभार. मळीवाले साहेब, लेखी मागितलं. ‘बघू’ म्हणाले.

रोज एक पान चालू आहे. आज हाय ग्रॅव्हिटीचा (आधी घट्ट बनवून मग पाणी घालून पातळ करण्याचा) प्रश्न घेतला. आपल्याकडे खप स्ट्राँग बिअरचा, एफएसएसएआयच्या नियमांत ५ ते ८ टक्के अल्कोहोल, त्यामुळे हे रोजचंच काम. १६ प्लेटोचे (प्लेटो म्हणजे विरघळलेल्या अर्काचा टक्का) १०० हेक्टोलिटर १२ प्लेटोवर आणायचे तर १६ भागिले १२, म्हणजे १३३.३ हेक्टोलिटर, ३३.३ पाणी. पाणी डीएरेटेड (हवा काढलेलं), ऑक्सिजन ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भागांच्या) आत. बरोबर आहे ना?

मळीवाला

चूक! प्लेटो वजनाचा टक्का आहे आणि तुम्ही घनफळ भागताय. १६ प्लेटोच्या एका हेक्टोलिटरचं वजन १०६.५ किलो, त्यात अर्क १७.०५ किलो. १२ चं वजन १०४.८, अर्क १२.५८. भागा. १३५.५ येतात, पाणी ३५.५. शंभरामागे दोन हेक्टोलिटर बिअर कागदावरच सांडलीत. आम्ही मळीवाले वजनाचा टक्का आणि घनफळाचा टक्का यातच म्हातारे होतो.

माल्टोबा

गंमत म्हणजे प्लांटवर मी चुकत नाही, कारण तिथे स्क्रीन भागाकार करते.

बर्टनकर

दादा, २०१६ च्या उन्हाळ्यात तुम्ही वाळूजलाच होता ना?

माल्टोबा

होतो की. एप्रिलमध्ये औरंगाबाद खंडपीठाचा आदेश आला, मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के तोडलं. तेव्हा मी सेलरचा शिफ्ट इनचार्ज. घरी आठवड्यातून एकदा नळ आणि ब्रुअरीत पाण्यावरून मीटिंगा. बाहेर पाहुण्यांना कुठे काम करतो ते सांगायचीसुद्धा चोरी. पण त्याचं काय?

बर्टनकर

त्याचंच तर सगळं. ‘तुमच्या ब्रुअरीचा पाणीपुरवठा उद्यापासून निम्मा होणार आहे, काय कराल?’ हा अस्सल मास्टर पातळीचा प्रश्न आहे. इथली मुलं तो पुस्तकातून लिहितात. तुम्ही तो उन्हातान्हात सोडवलाय. अर्ध्या तासात लिहा आणि इथे टाका.

माल्टोबा

लिहिला. बत्तीस मिनिटं लागली. मुद्दे देतो:

सीआयपीचं शेवटचं रिन्स (खंगाळलेलं पाणी) टाकीत घेऊन पुढच्या वेळी पहिलं रिन्स म्हणून वापरलं. लॉटरचं (वर्ट गाळायच्या टाकीचं) शेवटचं पातळ पाणी पुढच्या मॅशला (माल्ट भिजवायला) घेतलं. टनेल पाश्चरायझरचं ओव्हरफ्लो थंड करून परत फिरवलं. व्हॅक्यूम पंपाचं सीलचं पाणी गटारात जात होतं, त्याला लूप केला. बॉटल वॉशरचे शेवटचे जेट बदलले. एकाच ब्रँडचे ब्रू सलग लावले, म्हणजे मधली धुलाई वाचली. ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रकल्पाचं, शुद्ध केलेलं पाणी कूलिंग टॉवर आणि बागेला. फरशी होजऐवजी वायपरने. आणि शेवटी, जे पुरलं नाही तितकं उत्पादन कमी केलं.

बर्टनकर

वाचलं. उत्तम आणि नापास.

नऊ उपाय आहेत. किती पाणी वाचलं ते एकाही ठिकाणी नाही. कोणता आधी केला आणि का, तेही नाही. व्हॅक्यूम पंपाचा लूप आणि फरशीचा वायपर एकाच वजनाने मांडलेत. शिवाय लॉटरचं पातळ पाणी परत घेतलं की टॅनिन, पीएच आणि चव यांचं काय झालं? प्रत्येक उपायाची काहीतरी किंमत मोजली असणार. रिन्स किती वेळ साठवलं, त्यात जंतू वाढले का, कोण तपासत होतं?

आणि एक सावधगिरी. ‘आमच्याकडे असं करतात’ म्हणून लिहू नका. आधी तत्त्व, मग आकडा, मग आपला अनुभव उदाहरण म्हणून. परीक्षकाला तुमचा प्लांट माहीत नाही.

शून्य_पीपीबी

वॉशरचे जेट बदलल्यावर कॉस्टिक कॅरीओव्हर (बाटलीत उरलेला कॉस्टिक सोडा) तपासलं होतं का? पाणी वाचवायचं आणि बाटलीत कॉस्टिक सोडायचं, असं नको.

माल्टोबा

फिनॉलफ्थॅलीनचे थेंब टाकून दर तासाला बघायचो. गुलाबी झालं की लाइन बंद. हे लिहायचंच राहिलं.

आकड्यांसाठी आज रेकॉर्ड रूममध्ये गेलो. २०१६ ची रजिस्टरं सापडली, वाळवीने कडा खाल्ल्यात. १२ मेच्या पानावर माझ्याच अक्षरात: ‘शेवटचे रिन्स टाकीत घेतले, १८ घनमीटर.’ तेव्हा अक्षर बरं होतं. सीआयपी, पाश्चरायझर आणि लूपचे आकडे मिळाले. बॉटल वॉशरचं मीटर मात्र तेव्हा बंद होतं, रकान्यात नुसती रेघ आहे. सगळ्यात जास्त पाणी तिथेच वाचलं असं मला वाटतं. काय लिहू?

बर्टनकर

बंद होतं असंच लिहा. मग आज वॉशरवर बाटलीमागे किती पाणी लागतं ते मोजा. जुन्या जेटचा एक संच स्टोअरमध्ये पडलेला असेल तर तो लावून पुन्हा मोजा. मे महिन्यात किती बाटल्या भरल्या ते एक्साइजच्या नोंदींत असेलच. गुणाकार करा आणि वर ठळक लिहा: अंदाज.

माल्टोबा

स्टोअरकीपरला फोन केला. जुने जेट आहेत, भंगारात द्यायचे राहून गेले होते. शनिवारी दुपारी लाइन मेंटेनन्सला थांबते, तेव्हा बादली आणि स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. पॅकेजिंगचे लोक विचारत होते, आज भांडायला नाही आलात का.

टवाळ_टप्पू

बादली रिकामी असेल तर मी येतो.