वेबहुक डिलीट करणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहू? एजंटने भलतीच 'भरती' उडवली (मदत हवी आहे)

खाडीकाठचा:

नमस्कार मंडळी,

थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर प्रश्न चमत्कारिक वाटेल. ऐरोली ते नेरुळ पट्ट्यातल्या आम्हा पक्षीवाल्यांचा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर एक सर्व्हर (ग्रूप) आहे. फ्लेमिंगो बघायचे तर खाडीची वेळ सांभाळावी लागते. ओहोटीला ते चिखलात चरतात, पाणी चढलं की आतल्या पाणथळींकडे सरकतात. त्यामुळे रोज पहाटे एक छोटी स्क्रिप्ट वेबहुकवरून (बाहेरच्या प्रोग्रामला चॅनलवर मेसेज टाकू देणारा खास पत्ता) चॅनलवर वेळा टाकते. या वेबहुकचं नाव 'भरती'. दुसरा एक होता 'स्वयंसेवक भरती', पक्षीगणनेसाठी आलेले अर्ज चॅनलवर आणणारा. गणना संपली, तो काढायचा होता.

सर्व्हरच्या किरकोळ कामांसाठी मी एक एआय एजंट जोडलाय. त्याची टूल्स (एजंट जी वापरून प्रत्यक्ष कामं करतो ती फंक्शन्स) मीच लिहिलीत, एमसीपी (एजंटला टूल्स जोडायची एक प्रमाण पद्धत) वापरून. त्याला सांगितलं, "भरतीचा जुना वेबहुक काढून टाक." त्याने दोन्ही काढले. रविवारी सहा जण ठाण्याहून पहाटेची ट्रान्स-हार्बर पकडून आले, तर खाडी तुडुंब आणि नजरेत एक पक्षी नाही. मला काय काय ऐकवलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ठाण्यातला एक ग्रूप हीच टूल्स मागतोय, म्हणून डॉक्युमेंटेशन नीट लिहायला बसलोय. सध्या टूलच्या वर्णनात एकच ओळ आहे: "वेबहुक डिलीट करतो. इनपुट: वेबहुक आयडी." (हसू नका.)

एजंट वाचतो ते वर्णन आणि माणसांसाठीचं पान, दोन्हींत एकच मजकूर चालतो का? "आधी विचारून घे" असं वर्णनात लिहिलं तर एजंट ते पाळेलच का? आणि ठाणेकरांचा टेलिग्राम बॉटही आहे, तर 'वेबहुक डिलीट' हे एकच टूल दोन्हीकडे दाखवलं तर बिघडेल का?

पारसिक:

डॉक्युमेंटेशनचं नंतर बघू. डिलीट झाल्यावर तुमचं टूल एजंटला काय परत देतं?

खाडीकाठचा:

डिस्कॉर्ड जे देतं तेच, जसंच्या तसं.

पारसिक:

मग काही देतच नाही. यशस्वी डिलीटला डिस्कॉर्ड २०४ हा उत्तराचा कोड देतं, म्हणजे काम झालं आणि मजकूर रिकामा. तुम्ही फक्त मजकूर पुढे पाठवत असाल तर एजंटच्या हातात कोरा कागद गेला. लॉग उघडा. पहिल्या डिलीटनंतर त्याने यादी पुन्हा मागवली का ते बघा.

खाडीकाठचा:

अगदी तसंच झालंय! पहिल्या फेरीत 'स्वयंसेवक भरती' बरोबर काढला. मग लिहिलंय, "प्रयत्न यशस्वी झाला नाही असे दिसते." मग यादी मागवली, यादीत 'भरती' दिसला, तो उडवला. दोन दिवस मी त्याला मराठी कळत नाही म्हणून शिव्या घालत होतो.

रबाळे_लोकल:

मी ऑफिसात हेच लिहितो, म्हणून जरा सविस्तर.

माणूस पान अर्धवट वाचतो आणि अडला की शेजारच्याला विचारतो. एजंटला शेजारी नसतो. त्याच्यासमोर वर्णन, इनपुट आणि परत आलेलं उत्तर एवढंच असतं, बाकी तो अंदाजाने भरून काढतो. त्यामुळे तुमच्या टूलचं उत्तर हासुद्धा डॉक्युमेंटेशनचाच भाग धरा. "वेबहुक 'स्वयंसेवक भरती' डिलीट झाला, आणखी काही करायचं नाही" असं वाक्य परत द्या. ४०४ आणि कोड १००१५ आला तर "या आयडीचा वेबहुक अस्तित्वात नाही, दुसरा शोधू नकोस" असं. ४०३ आणि ५००१३ म्हणजे बॉटकडे वेबहुक सांभाळण्याची परवानगी नाही, तिथे पुन्हा पुन्हा धडका मारण्यात अर्थ नाही. उलट तोटाच, कारण ४०१ (ओळख पटली नाही), ४०३ आणि ४२९ (फार जास्त विनंत्या) अशी उत्तरं मिळून दहा मिनिटांत १०,००० झाले की डिस्कॉर्ड तुमच्या आयपीला काही काळ बाहेर ठेवतं. छोट्या ग्रूपला एवढे होणार नाहीत, पण हट्टाला पेटलेला एजंट मी पाहिलाय.

'विचारून घे' बद्दल. वर्णनात जरूर लिहा, पण भरवसा कोडवर ठेवा. एमसीपीत टूलवर 'विध्वंसक' अशी खूण करता येते (काही लिहिलं नाही तरी ती 'हो'च धरली जाते), पण ती सूचना आहे, कुलूप नाही. मी आयडीबरोबर वेबहुकचं नावही इनपुटात मागतो. कोड आधी वेबहुक वाचतं, नाव जुळलं तरच डिलीट करतं.

आयडी मात्र स्ट्रिंग म्हणूनच (आकडा नव्हे, मजकूर म्हणून) मागा. डिस्कॉर्डचे आयडी १७ ते १९ आकडी असतात आणि जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांक बिनचूक राहील याची खात्री नाही. शेवटचे आकडे गुपचूप बदलतात आणि तुम्ही बसता १००१५ का येतोय ते शोधत. माझा एक शनिवार यात गेलाय.

पारसिक:

एक भर. वेबहुकची पूर्ण यूआरएल इनपुट म्हणून घेऊ नका. तिच्यात टोकन (गुप्त किल्ली) असतं, आणि आयडी अधिक टोकन एवढ्यावर लॉगिन न करता डिलीट होतं, परवानगी कोणी विचारत नाही. त्याच यूआरएलवरून कुणीही तुमच्या चॅनलवर मेसेजही टाकू शकतं. एजंटच्या संभाषणात ती पडली की पुढे कुठल्या लॉगमध्ये जाऊन बसेल सांगता येत नाही.

आणि डिलीट करताना कारण पाठवायची सोय आहे, ती वापरा. ऑडिट लॉगमध्ये (सर्व्हरवर कोणी काय बदललं याची नोंद) ते दिसतं. लॉग ४५ दिवस राहतो.

खाडीकाठचा:

धन्यवाद दोघांनाही. टेलिग्रामचं काय?

रबाळे_लोकल:

वेगळं टूल, वेगळं पान. नाव तेच, दिशा उलटी. डिस्कॉर्डचा हा वेबहुक म्हणजे बाहेरच्याने चॅनलवर मेसेज टाकायची खिडकी, एका चॅनलला १५ पर्यंत. टेलिग्रामचा वेबहुक म्हणजे बॉटला आलेले मेसेज तुमच्या सर्व्हरवर पोचवायचा पत्ता, आणि तो बॉटला एकच. म्हणून तिथे डिलीट करताना आयडी लागतच नाही! एकत्र पान लिहिलंत तर एजंट टेलिग्रामसाठी आयडी शोधत बसेल, नाहीतर मनानेच बनवेल. शिवाय तिथे अडकून पडलेले अपडेट्स टाकून देण्याचा एक पर्याय आहे. तो चुकून 'हो' झाला तर लोकांनी पाठवलेले, पण बॉटपर्यंत न पोचलेले मेसेज गेले.

खाडीकाठचा:

हा नवा मसुदा, बघा बरं:

"डिस्कॉर्डचा एक वेबहुक कायमचा डिलीट करतो. परत आणता येत नाही. नवा केला तर आयडी आणि टोकन दोन्ही बदलतात, म्हणून त्यावर चालणारी स्क्रिप्ट बंद पडते. आधी पाठवलेले मेसेज चॅनलवर तसेच राहतात. आयडी यादीच्या टूलमधून घ्या, नावावरून ओळखू नका. एकाहून जास्त वेबहुक जुळत असतील तर डिलीट न करता वापरणाऱ्याला विचारा. एका विनंतीत एकच डिलीट. टेलिग्रामसाठी हे टूल नाही."

माणसांच्या पानावर परवानग्या, एररचे कोड आणि रविवारची गोष्ट टाकतोय.

रबाळे_लोकल:

छान. फक्त "नावावरून ओळखू नका" आणि नाव जुळवण्याचा इनपुट यांत एजंट गोंधळेल. "आयडी ठरवल्यावर खात्रीसाठी त्याचं नाव द्या" असं करा. रविवारची गोष्ट नक्की ठेवा, लोक तेवढीच वाचतात.

खाडीकाठचा:

बदललं. वेबहुकचं नावही 'भरती' वरून 'पाणी' केलं.

पारसिक:

घोडबंदर रोडला राहतो म्हणून सांगतो, ठाण्याच्या ग्रूपला 'पाणी' देऊ नका. सकाळी सहाला टँकर कधी येणार म्हणून विचारतील.