दारफाळणीच्या उपासाला योना: पळालेल्यावर एवढी माया कशाला?

माडाखाली
अलिबागकडे आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, योम किप्पूरच्या (दारफाळणीच्या) मिंहाला, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला, बायबलातलं योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. त्याआधी पाच मिनिटं मराठीत अर्थ सांगायचाय. मुलं विचारणारच: निनवे शहराला जाऊन बजाव हा देवाचा हुकूम मोडून योना पळाला, तरी देवाने त्याला वाचवला कशाला? भर कुठे देऊ? आणि मराठी बायबलातले वचनांचे आकडे हिब्रूशी का जुळत नाहीत?

सुकाणू
आकडे आधी. मराठीत योनाला गिळणारा मासा 1:17 ला (अध्याय 1, वचन 17) येतो, हिब्रूत 2:1 ला. म्हणून दुसरा अध्याय एकीकडे 10 वचनांचा, दुसरीकडे 11. तिसऱ्यापासून जुळतं, एकूण 48च. आणि ‘देवमासा’ म्हणू नका, मुळात नुसता ‘दाग गादोल’, मोठा मासा.

भर ‘वय्मन’वर द्या, म्हणजे ‘नेमला’. हा शब्द चारदा येतो: मासा, कीकायोनचं झाड (बरेच जण एरंड मानतात), अळी, पूर्वेचा झळांचा वारा. मासा बुडत्याला वाचवतो, अळी सावली खाते; नेमणारा एकच. नुसत्या माशावर थांबलात तर दया म्हणजे सुटका एवढंच मुलांच्या डोक्यात राहील.

1:13 ही दाखवा. खलाशी योनाला समुद्रात टाकायला तयार नाहीत, वल्ही मारून किनारा गाठू बघतात. तुफानात किनाऱ्याकडे होडी घालणं किती धोक्याचं, हे आपल्याकडच्या तांडेलाला सांगायला नको. परक्या पळपुट्यासाठी ते हा धोका पत्करतात.

भरतीची वेळ
एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने करतात त्या मलिद्यातले पोहे-खोबरं मुलांना ठाऊक असतं, तोच धागा पकडा. बायबलातल्या ‘पहिले राजे’ पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एलियाहू झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणत आडवा होतो. देव झापत नाही. निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचं भांडं, झोप. आणि हे दोनदा. ‘इथे काय करतोस?’ हे नंतर, होरेब डोंगरावर. मोशेनेही ‘दुसऱ्या कुणाला पाठव’ म्हटलं. देव रागावला, तरी अहरोन जोडीला दिलाच.

माडाखाली
मग चौथा अध्याय थोडक्यात उरकू का?

सुकाणू
नको, घोळ तिथेच होतो. घाबरून पळाला, असं सगळे सांगतात. 4:2 मध्ये तो स्वतःच सांगतो: तू दयाळू, मंदक्रोध आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच पळालो. निनवेला माफी मिळेल ही त्याची तक्रार. आपण त्याच माफीवर माशातून बाहेर आलो, हे विसरलेला. वेळ कमी असेल तर वादळ आटपा.

4:11 मध्ये 1,20,000 हून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरं यांच्याबद्दल देव विचारतो, योनाचं उत्तर येत नाही. वाचनात लगेच मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 7:18-20 लागतं. मध्ये श्वासभर थांबायला सांगा, नाहीतर पुस्तक प्रश्नावर संपलं हे कुणाला कळत नाही.