बंदी शाळेवर आहे, मुलांवर नाही

‘अमेरिकेतल्या सरकारी शाळांत देवाचं नावही काढता येत नाही’ असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या एंगल विरुद्ध विटाल निकालाने शाळेने प्रार्थना म्हणवून घेणं थांबवलं. डबा उघडताना मुलाने स्वतःहून हात जोडणं नव्हे. १९८४ च्या इक्वल अ‍ॅक्सेस कायद्यामुळे तर बुद्धिबळ क्लबला जागा देणारं सरकारी हायस्कूल बायबल वाचणाऱ्या मुलांच्या क्लबला नाही म्हणू शकत नाही.

आमची लेक तिसरीत असताना वर्गात दाखवायला शाडूचा इवलासा गणपती घेऊन गेली होती, सोंडेवरचा रंग जरा उडालेला. ‘हत्तीचं डोकं कसं काय?’ असं पोरांनी विचारल्यावर तिने अख्खी गोष्ट सांगितली. बाई मागे बसून ऐकत होत्या. नमस्कार मात्र त्यांनी कुणालाच करायला लावला नाही, आणि मला तेच योग्य वाटतं.